भिंतीवर कोण, आणि कोणत्या अटीवर

जुलै २०२५ च्या एकाच आठवड्यात अमेरिकेतून दोन बातम्या आल्या. पहिली न्यायालयातली. ब्रेओना टेलर या कृष्णवर्णीय तरुणीच्या घरावर गोळ्या झाडणाऱ्या पोलिसांपैकी एकाला ३३ महिन्यांची कैद झाली. सरकारी पक्षाने मागितली होती एक दिवसाची. याच्या गोळ्या कुणाला लागल्या नव्हत्या. ज्यांच्या गोळ्यांनी ब्रेओना मेली त्यांच्यावर तिच्या मृत्यूबद्दल आरोपच ठेवला गेला नाही. दुसरी बातमी कलेच्या पानावरची. ब्रेओनाचे चित्र काढणाऱ्या एमी शेराल्ड या चित्रकर्तीने वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत सप्टेंबरात भरायचे आपले प्रदर्शन स्वतःहून मागे घेतले.

या दोन बातम्यांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: सत्तेने जिला पुसायचे ठरवले, तिची आठवण कोण ठेवणार आणि कशा रूपात? स्त्री-संघटनांत काम करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकीपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो, म्हणून या अंकाच्या संपादकीयात एका परदेशी चित्रकर्तीविषयी लिहिते आहे. अर्थात, अमेरिकेतल्या वर्णभेदाच्या लढ्याशी आपले नाते आजचे नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते तिथल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन.

एमी शेराल्डचा जन्म १९७३ चा, जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस गावातला. शाळेच्या सहलीत ती संग्रहालयात गेली आणि तिथल्या एका चित्रात तिने काळा माणूस पाहिला. तोवर भिंतीवर टांगलेल्या चित्रात आपल्यासारखे कुणी असू शकते, हेच तिला ठाऊक नव्हते. पुढे बाल्टिमोरला तिने चित्रकलेचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. तिशीत हृदयविकाराचे निदान झाले, एकोणचाळिसाव्या वर्षी हृदयारोपण झाले. ही सगळी वर्षे पोटासाठी हॉटेलात वेटरचे काम चालू होते. २०१६ साली याच नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची व्यक्तिचित्र स्पर्धा तिने जिंकली, तेव्हा ती पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय विजेती ठरली. ते चित्र एका मुलीचे आहे: पांढरे हातमोजे, ठिपक्यांचा झगा, हातात भलामोठा चहाचा कप. ही मुलगी कुणाची मोलकरीण नाही, कुणाची बळी नाही, कुणाविरुद्ध मूठ उगारून उभी नाही. ती चहा पिते आहे आणि तुमच्याकडे बघते आहे.

शेराल्डची माणसे बहुतेक अशीच. रस्त्यात, ओळखीत भेटलेली. ती त्यांना स्टुडिओत बोलावते, कपडे निवडते, फोटो काढते, मग रंगवायला घेते. कपड्यांचे रंग भडक, पार्श्वभूमी सपाट. पण त्वचा मात्र राखाडी. चेहरा, हात, मान, सगळे जुन्या कृष्णधवल फोटोसारखे. याचे मूळ तिला आवडणाऱ्या जुन्या छायाचित्रांत आहे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनासाठी डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांची साडेतीनशेहून अधिक छायाचित्रे जमवली होती: नीटनेटक्या पोशाखात, आपापल्या घरांत, दुकानांत, शाळांत. गोऱ्या जगाने काळ्या माणसाची जी विद्रूप चित्रे छापली होती, त्यांना दिलेले ते उत्तर होते.

या राखाडीवर बरीच टीका झाली. २०१८ साली तिने काढलेले मिशेल ओबामांचे चित्र लागले तेव्हा कुणी म्हणाले, चेहरा जुळत नाही. कुणी म्हणाले, काळी त्वचा काळी दाखवायला लाज वाटते का? दुसरा आक्षेप गंभीर आहे. केरी जेम्स मार्शल हा ज्येष्ठ चित्रकार नेमके उलट करतो; त्याच्या आकृती काजळासारख्या काळ्याकुट्ट असतात, तिथून नजर हटवताच येत नाही. मला स्वतःला शेराल्डचे उत्तरही पटते. त्वचेचा रंग काढून घेतला की पाहणाऱ्याचा पहिला, आळशी निवाडा अडतो. काळी की गोरी हे एका क्षणात ठरवून पुढे जाता येत नाही. मग बघावी लागते ती तिची नजर, तिची बसण्याची ढब, तिचे कपडे. (मिशेलच्या झग्यावरची भौमितिक नक्षी पाहून शेराल्डला अलाबामातल्या जीज बेंड इथल्या काळ्या बायकांच्या गोधड्या आठवल्या. गोधडीला कला म्हणायला तिथेही बराच वेळ लागला, हे आपल्याला सांगायला नकोच.) रंगावरून बाई मोजणे आपल्यालाही परके नाही. २०२० साली अमेरिकेत लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे आपल्याकडच्या सर्वांत खपाऊ क्रीमच्या नावातला गोरेपणा गेला. डबीतली आशा तशीच राहिली.

आता ब्रेओना. वय २६, केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात तंत्रज्ञ. १३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीनंतर पोलिसांनी झडतीच्या वॉरंटवर तिचे दार फोडले. चोर आले असे समजून तिच्या मित्राने एक गोळी झाडली, पोलिसांनी ३२. ती आपल्याच घरात मेली. त्या उन्हाळ्यात तिचे नाव घोषणांत, फलकांवर, शर्टांवर सगळीकडे गेले. ‘व्हॅनिटी फेअर’ने सप्टेंबर २०२० च्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी शेराल्डला तिचे चित्र काढायला सांगितले.

शेराल्ड ब्रेओनाला कधी भेटलेली नव्हती. तिने फोटो पाहिले, ती केस कसे बांधायची, कपडे कसे निवडायची हे समजून घेतले, तिच्याच बांध्याची मुलगी शोधून उभी केली. चित्रात ब्रेओना निळसर हिरव्या लांब झग्यात उभी आहे, मागची भिंतही त्याच रंगाची. एक हात कमरेवर. गळ्यात छोटा क्रूस. आणि बोटात अंगठी: तिचा मित्र तिला लग्नाचे विचारणार होता, ते राहून गेले. ही अंगठी रंगवण्यापूर्वी शेराल्डने त्याची परवानगी घेतली. चित्रात रक्त नाही, पोलीस नाही, दार नाही.

समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला केस पेपर लिहायला शिकवले. नाव, वय, वैवाहिक स्थिती, अत्याचाराचे स्वरूप, जखमा, पूर्वेतिहास. हा कागद हवाच. त्यावाचून पोलीस ठाण्यात कुणी दाद देत नाही, न्यायालयात तर नाहीच. पण त्या कागदात ती बाई मला कधी दिसली नाही. ती हसते कशावर, कुठल्या रंगाची साडी जपून ठेवते, पुढल्या वर्षी तिला काय करायचे होते, याला रकाना नाही. शेराल्डची अंगठी त्या नसलेल्या रकान्यातली आहे. मारेकऱ्याने आयुष्य घेतले ते तेवढ्या रात्रीपुरते नव्हे, पुढची सगळी वर्षे घेतली, हे ती अंगठी सांगते.

मग जखम दाखवूच नये का? असे म्हणणे सोपे आहे आणि चूक आहे. १९५५ साली मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलला गोऱ्यांनी ठार केले, तेव्हा त्याच्या आईने, मेमी टिलने, शवपेटी उघडी ठेवायचा आग्रह धरला. ओळखू न येणारा तो चेहरा कृष्णवर्णीयांच्या नियतकालिकांत छापला गेला आणि देश हादरला. २०१७ साली डेना शुट्झ या गोऱ्या चित्रकर्तीने तोच चेहरा रंगवून न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लावला, तेव्हा काळे कलावंत त्या चित्रासमोर निषेध करीत उभे राहिले. जखम तीच होती. १९५५ साली ती दाखवायचे आईने ठरवले होते. २०१७ साली कुणी ठरवले?

आपल्याकडे हा प्रश्न खैरलांजीने विचारला. २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा आणि प्रियांका भोतमांगे यांना सुरेखाच्या दोन मुलांसह जातीय अत्याचारात ठार मारले गेले. त्यानंतर मृतदेहांची छायाचित्रे पत्रकांतून, संगणकांवरून फिरली. ती फिरली नसती तर विदर्भाबाहेर कितीजणांना जाग आली असती, मला शंका आहे. पण दोघींचे शील जपण्याची भाषा करणाऱ्या समाजात त्यांची अनावृत शरीरे अशी हातोहात गेली, हेही तितकेच खरे. स्वतःची शेती कसणारी, मुलांना हट्टाने शिकवणारी सुरेखा आणि शाळेत पुढे असणारी प्रियांका किती फलकांवर आली?

शेराल्डबद्दल लिहिताना पैशाचे सोडता येत नाही. चकचकीत फॅशन मासिकाचे मुखपृष्ठ, आत महागड्या अत्तरांच्या जाहिराती, आणि वर पोलिसांनी मारलेली मुलगी. हे खटकते, खटकलेच पाहिजे. तिची चित्रे लिलावात लाखो डॉलरला जातात, बहुधा श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत. पण ब्रेओनाचे चित्र तिने तिथे जाऊ दिले नाही. २०२१ साली ते लुईव्हिलच्या स्पीड संग्रहालयाने आणि वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाने मिळून घेतले; ते ब्रेओनाच्या गावातल्या लोकांना पाहता यावे, असा शेराल्डचा आग्रह होता. आलेल्या दहा लाख डॉलरमधून लुईव्हिल विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी ब्रेओनाच्या नावे निधी उभा राहिला.

आता त्या मागे घेतलेल्या प्रदर्शनाकडे. सॅन फ्रान्सिस्को आणि व्हिटनी करून ते वॉशिंग्टनला जायचे होते. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी स्मिथसोनियनच्या संग्रहालयांतील वंशविषयक मांडणीवर बोट ठेवणारा आदेश काढला होता, जूनमध्ये पोर्ट्रेट गॅलरीच्या संचालिका पायउतार झाल्या होत्या. शेराल्डच्या प्रदर्शनात २०२४ चे एक चित्र होते: निळा झगा, गुलाबी केस, हातातल्या मशालीत ज्वाळेऐवजी फुले, अशी स्वातंत्र्यदेवतेच्या रूपातली कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्री. ते वगळायचा विचार चालू आहे, असे शेराल्डच्या कानावर आले. त्याऐवजी लोकांच्या प्रतिक्रियांची चित्रफीत दाखवायचे बोलणे झाले, असे तिचे म्हणणे; चित्रफीत चित्राऐवजी नव्हे, चित्रासोबत दाखवायची होती, असे संस्थेचे. या गॅलरीत समकालीन कृष्णवर्णीय कलावंताचे ते पहिलेच स्वतंत्र प्रदर्शन ठरले असते. तरी तिने माघार घेतली. एका पारलिंगी बाईचे अस्तित्व हा चर्चेचा विषय म्हणून मांडला जाणार असेल, तर बाकीची चित्रेही तिथे लागणार नाहीत.

आपल्या संघटनांत अशी वेळ येते तेव्हा काय होते ते आपण पाहतो. अनुदान देणारा म्हणतो, ‘हा एक विषय तेवढा वगळा’. वगळली जाते ती बहुधा दलित बाई, वेश्या-व्यवसायातली बाई, समलिंगी किंवा पारलिंगी बाई. बाकीच्या आत जातात आणि तिला सांगतात, पुढच्या वेळी.

शेराल्डचे प्रदर्शन नोव्हेंबर २०२५ मध्ये बाल्टिमोरच्या संग्रहालयात लागले, तिने वर्षानुवर्षे वेटरचे काम केले त्या शहरात. ब्रेओना आणि मशालवाली, दोघीही होत्या.

पुढच्या अंकात आपण आपल्याच फलकांविषयी, पत्रकांविषयी बोलणार आहोत. अत्याचार झालेल्या बाईचा फोटो वापरायचा की नाही, हे तुमच्या गटात कोण ठरवते? तिला विचारता का? ती नसेल तर कुणाला? तिच्या आयुष्यातले दुसरे काय दाखवता? लिहून पाठवा. नियम केले असतील तर ते पाठवा, भांडणे झाली असतील तर तीही.