शेतीचा सल्ला : डुकराला खालची तार, हरणाला वरची



भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या की डुकरांचा कळप एका रात्रीत वावर उकरून टाकतो, आणि हरभऱ्याचे शेंडे हरणे खुडतात. परवा एका तरुण शेतकऱ्याने मोबाईलवर अमेरिकेतल्या टेक्सासची शिकार दाखवली आणि विचारले, "साहेब, डुकरासाठी बाणाचे पाते कोणते घ्यावे?" तिथे रानडुकरे मारायला बरीच मोकळीक आहे. तिथले शिकारी पाते घेताना आधी जनावर बघतात. हरणाची कातडी पातळ; मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर मात्र ढालीसारखा चिवट थर असतो, म्हणून त्याला उघडझाप न होणारे जाड पाते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगीवाचून शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा बाण राहू द्या. आधी जनावर बघावे, एवढे मात्र त्यांच्याकडून घ्या. कुंपणालाही तेच लागते.

पहिले सांगतो ते तारेत खांबावरचा वीजप्रवाह सोडण्याविषयी. माझ्या हद्दीतल्या एका गावात पहाटे पाण्याची पाळी धरायला निघालेला मुलगा घरच्याच तारेला चिकटला. तार बापाने रात्री जोडली होती आणि सकाळी काढायची विसरली होती. त्या घरी मी गेलो होतो, बोलायला काही सुचेना. घरातली वीज २३० व्होल्टची, पण अखंड वाहते; माणसाचा हात आखडतो आणि सुटत नाही. झटका मशीनचा दाब हजारो व्होल्टचा असतो, तरी झटका क्षणाच्याही अगदी लहान भागापुरता, सेकंदाला साधारण एकदा. मधल्या वेळात जनावर काय, माणूसही मागे सरतो. म्हणून मशीन घेताना त्यावर आय. एस. ३०२, भाग २, कलम ७६ या मानकाचा उल्लेख आहे का ते पाहा. गावठी जुळवणीचे स्वस्त यंत्र घेऊ नका, कोणी कितीही भरवसा देवो.

आता तारा. डुक्कर सहसा उडी मारत नाही, नाक जमिनीलगत ठेवून खालून घुसते. त्याच्यासाठी पहिली तार जमिनीपासून वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटरवर हवी, दुसरी तिच्यावर तेवढ्याच अंतरावर, तिसरी गुडघ्याच्या जरा वर. नुसती काटेरी तार त्याला अडवत नाही. ते खालची माती उकरून वाट करते. सोलापूर-कर्जतकडचे काळवीट आणि विदर्भातले चितळ, रोही उडी घेतात. त्यांच्यासाठी वर आणखी दोन-तीन तारा, शेवटची निदान दीड मीटरवर. हरणाच्या अंगावरचे केस कोरडे असल्याने झटका नीट बसत नाही, नाक लागले तर बसतो. जुन्या साड्या बांधल्या की हरणे चार-आठ दिवस बिचकतात, मग साडीखालूनच चरतात. (आमच्या घरच्यांच्याही दोन साड्या यात गेल्या.)

दुकानदार मशीन एकराच्या हिशेबाने विकतात. तुम्ही तारेच्या लांबीने विचारा. एक एकराच्या चौकोनी तुकड्याचा घेर सुमारे २५५ मीटर, पाच तारा म्हटल्या की पावणेतेराशे मीटर झाल्या. तेवढ्या लांबीला पुरेल एवढ्या ज्यूलचे मशीन हवे.

बहुतेक तक्रारी मशीनच्या नसतात, अर्थिंगच्या असतात. निदान तीन जस्ती सळया ओल राहील अशा जागी, चांगल्या खोल ठोका. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की झटका मंदावतो. तिथे एक तार प्रवाहाची, दुसरी अर्थिंगची, अशी आळीपाळीने ओढतात.

वन विभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदानाची तरतूद आहे. तुमचे गाव त्यात बसते का, ते वनपालाकडे विचारा. आणि तोवर नुकसान झालेच, तर त्याच दिवशी फोटो काढून वन कार्यालयात अर्ज द्या. उकरलेले वावर पंचनाम्याआधी नांगरू नका.

कुंपणावर पाटी लावा, पोराबाळांना आणि मजुरांना दाखवून ठेवा. खालच्या तारेला गवत टेकले की प्रवाह जमिनीत जातो, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला तारेखालचे गवत कापा, आणि संध्याकाळी मशीन चालू केल्यावर सर्वात लांबच्या टोकाला टेस्टर लावून पाहा.