वारं अंगावर घेताना

एप्रिलातल्या एखाद्या दुपारी दोनापावलाला जाऊन बघा. दोन-अडीचच्या सुमारास वायव्येकडून खारं वारं उठतं, झुआरीच्या मुखाशी लाटांवर पांढरा फेस दिसू लागतो आणि शहाणी माणसं घराकडे वळतात. नेमक्या त्याच वेळी आम्ही काही वेडी मंडळी होड्या पाण्यात लोटायचो.

होडी म्हणजे लेझर. सव्वाचार मीटर लांब, एक शीड, एक सुकाणू, माणूसही एकच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. दहा नॉटचे वीस झाले की हे गणित पाठीला आणि मांड्यांना कळतं. पाय पट्ट्यात अडकवून अख्खं अंग बाहेर, पाण्यावर झोकायचं. तुमचं वजन हाच होडीचा तोल. वाऱ्याच्या दिशेने जाताना नागमोडी, दमछाक करणारी वाट. समोरून कुणी 'स्टारबोर्ड!' ओरडला की मुकाट्याने बाजूला व्हायचं, कारण उजव्या बाजूने वारा घेणाऱ्याचा हक्क पहिला.

पण खरी गंमत बोया ओलांडून वारा मागे घेतल्यावर! होडी आपल्याच लाटेवर चढते आणि पाणी कापत न जाता पाण्यावरून धावू लागते. सुकाणू गुणगुणतं. मग दिशा बदलताना शिडाखालचा आडवा दांडा डोक्यावरून सपकन् पलीकडे जातो, आणि निम्मी मंडळी पाण्यात! (मी बहुतेक वेळा त्या निम्म्यांत.)

आपल्याकडे जलक्रीडा म्हटलं की पर्यटकांच्या वॉटर स्कूटरच आठवतात. त्यातला थरार इंजिनाचा. पैसे मोजले, दहा मिनिटं मिळाली, संपलं. शिडाच्या होडीत वारा फुकट असतो, पण तो वापरायची अक्कल विकत मिळत नाही. दिवाडीला बांधलेली 'म्हादेई' घेऊन दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. चेन्नईची नेत्रा कुमानन २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये लेझर रेडियलच्या शर्यतीत उतरली. आणि आमच्या शर्यतींत गोंयची मुलं बोटांवर मोजण्याइतकी! होडी महाग, हे खरं. पण संगीताच्या, क्रिकेटच्या शिकवणीला पैसे काढणारी आपली घरं इथे मात्र पैशांच्या आधी भीती पुढे करतात.

त्या भीतीला हसायचा अधिकार मला नाही. माझ्या आईचा धाकटा भाऊ दर्याने नेला. 'दर्यार वचूं नाका' हे वाक्य ऐकतच मी वाढलो आणि होडी शिकलो तो पस्तिशीला, तिला न सांगता. पुढे कळलंच. एका रविवारी ती येऊन वाळूवर बसली. त्या दिवशी मी दोनदा उलटलो. दोन्ही वेळा पाण्यातल्या फळीवर उभा राहून होडी सरळ केली, वर चढलो आणि शेवटून दुसरा आलो.

घरी परतताना ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "उमथी पडल्यार परत चडूंक मेळटा?"

"मेळटा."

पुढच्या रविवारी ती नातीला घेऊन आली.