माशाच्या अंगावरील पांढरे ठिपके

सकाळी खाद्य टाकताना माशाच्या अंगावर व परांवर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, मासा खडीवर अंग घासू लागला, की घरातील मुले कासावीस होतात. त्यानंतर बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. दुकानातून निळे वा हिरवे औषध आणून अंदाजाने चार थेंब टाकले जातात, अथवा घरच्या औषधांच्या डब्यात उरलेली प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून पाण्यात ओतली जाते. हा दुसरा उपाय कटाक्षाने टाळावा. हा आजार जिवाणूंचा नसून ‘इक्थायोफ्थिरियस’ नावाच्या एकपेशीय परजीवीचा आहे. प्रतिजैविकाने तो मरत नाही. मात्र फिल्टरमध्ये वसलेले उपकारक जिवाणू मरू शकतात, आणि ते पाणी मोरीतून वाहून जाताना औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंना बळ देते. घरातील माणसांनाही हे अखेरीस महागात पडणारे आहे.

आपणांस दिसणारा प्रत्येक ठिपका म्हणजे त्वचेखाली दडून पोसला जाणारा एक परजीवी. तेथे असेपर्यंत पाण्यातील औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पुरेसा वाढला की तो माशाला सोडून तळाशी बसतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत जाऊन शेकडो पिल्ले सोडतो. ही पिल्ले नवा मासा शोधत पोहतात. दोनेक दिवसांत तो न सापडल्यास मरतात. औषध लागू पडते ते या पोहत्या अवस्थेवरच. म्हणूनच तिसऱ्या दिवशी ठिपके नाहीसे झाले, की ‘मासा बरा झाला’ म्हणून उपचार थांबवणे घातक ठरते. ठिपके गळाले, याचा अर्थ परजीवी तळाशी गेला, इतकाच. आठवडाभरात तो कितीतरी पटींनी परततो, आणि या खेपेस कल्ल्यांत शिरला तर मासा श्वासासाठी तडफडतो. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही किमान एक आठवडा उपचार चालू ठेवावा. हिवाळ्यात पाणी गार असेल तर हे चक्र रेंगाळते. तेव्हा त्याहून अधिक काळ धीर धरावा लागतो.

उपचारापूर्वी पाणी मोजावे. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि पाण्याची उंची ३० असलेल्या पेटीत ५४ लिटर पाणी मावते. खडी आणि शोभेच्या वस्तू वजा जाता सुमारे ४५ लिटर धरावे. औषध बाटलीवरील प्रमाणानुसार याच आकड्याला द्यावे. फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा असल्यास तो काढून ठेवावा, नाहीतर औषध तोच शोषून घेतो.

साध्या खडे मिठाचाही उपयोग होतो. लिटरमागे २ ग्रॅम, म्हणजे वरील पेटीस ९० ग्रॅम, पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन हप्त्यांत घालावे. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही. पाणी बदलताना जितके पाणी काढले तितक्यापुरतेच नवे मीठ घालावे. पेटीत वनस्पती वा गोगलगायी असतील, किंवा कॅटफिशसारखे खवले नसलेले मासे असतील, तर मीठ व औषध दोन्ही जपून वापरावे. हीटर असल्यास तापमान काही तासांना एक अंश या गतीने २८ पर्यंत न्यावे, म्हणजे परजीवीचे चक्र लवकर पुरे होते. ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा हवेचा पंप अखंड चालू हवा. पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटरचे बटण बंद करावे, हे मुलांनाही शिकवावे.

एक-दोन दिवसांआड चतुर्थांश पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळते. दुकानात मिळणारे क्लोरीननाशक थेंब घातल्यावाचून ते ओतू नये. फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून ‘स्वच्छ’ करण्याची हौस अनेकांना असते. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळावा, म्हणजे अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू टिकतात. मत्स्यपेटीतील निम्मी आजारपणे या अमोनियापासून सुरू होतात, असे आमचे मत आहे. लहान गोल भांड्यात ठेवलेल्या माशाला तर औषधाआधी मोठे घर द्यावे.

आता घरच्यांविषयी. पांढऱ्या ठिपक्यांचा हा परजीवी माणसाला होत नाही. परंतु मत्स्यपेटीच्या पाण्यात ‘मायकोबॅक्टेरियम मरीनम’ हा क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातील जिवाणू असू शकतो. हाताला कापलेले वा खरचटलेले असेल तर तो तेथून शिरतो. काही आठवड्यांनी बोटावर वा हातावर न दुखणारी, न भरणारी गाठ येते आणि तिचे उपचार कित्येक महिने चालतात. म्हणून जखम असताना हातमोजे घालावेत, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, नळीने पाणी काढताना ती तोंडाने ओढू नये, आणि पेटीची बादली स्वयंपाकघरातील नसावी. औषधात मॅलाकाइट ग्रीन असेल तर हातमोजे अनिवार्य समजावेत. अशी गाठ उठल्यास डॉक्टरांना ‘घरी मासे पाळले आहेत’ हे आपण होऊन सांगावे. ते विचारतीलच असे नाही.