दृष्टी गेली, सही का जावी?

ज्या शिक्षकाने तीस वर्षे मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर सही केली, त्याच्यावर उतारवयात नजर गेली म्हणून बँकेत अंगठा उठवण्याची पाळी यावी, याहून मोठा उपमर्द कोणता?

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 साली सुरू झाला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनी तेव्हापासून असंख्य वृद्धांना दृष्टी परत दिली, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. 2015 ते 2019 या काळातील राष्ट्रीय पाहणीतही पन्नाशीपुढील अंधत्वाच्या सुमारे दोनतृतीयांश प्रकरणांमागे मोतीबिंदूच आढळला. परंतु सगळ्यांचेच दुखणे शस्त्रक्रियेने बरे होणारे नसते. काचबिंदूने डोळ्याची नस निकामी केली, की गेलेली दृष्टी परत येत नाही. 'आता उपाय नाही' एवढे ऐकून वृद्ध घरी परततो, आणि बहुधा शासनाच्या लेखी प्रकरण तेथेच संपते.

पुढचे नुकसान घरातली माया करते. आजीच्या हातची विळी काढून घेतली जाते. आजोबांना कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही एकटे जाऊ दिले जात नाही. हेतू चांगलाच असतो, यात शंका नाही. पण ज्याच्या सल्ल्यावाचून घरातले पान हलत नसे, तो माणूस अशाने खाटेला खिळतो. दृष्टी रोगाने नेलेली असते; उरलेले सामर्थ्य आपण नेतो.

वास्तविक शिकण्याला वयाची आडकाठी नाही. पायऱ्यांच्या कडांना ठळक पट्टे, डबे ठरल्या जागी, पांढऱ्या काठीचा सराव, वेळ सांगणारे घड्याळ, एवढ्यानेही दिवस पुष्कळसा आपल्या हाती येतो. सहीसाठी तर पुठ्ठ्यात कापलेली आडवी खाच पुरते. ती कागदावर ठेवली की लेखणी ओळ सोडत नाही. अंध ग्राहकांना धनादेशासह सर्व सोयी भेदभावाविना द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने 2008 सालीच बँकांना बजावले आहे. नियम आहे, खिडकीपलीकडच्या माणसाला तो ठाऊक हवा.

विसाव्या शतकाच्या आरंभीच मुंबईत अंध मुलांसाठी शाळा निघाल्या. साठीनंतर दृष्टी गमावणाऱ्याला मात्र नव्याने चालायला, लिहायला शिकवणारे कोण? प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात असा एक प्रशिक्षक नेमणे ही काही अवाजवी मागणी नव्हे. 'उपाय नाही' या शब्दांनी वृद्धाची बोळवण करण्याऐवजी त्याला या प्रशिक्षकाकडे पाठवता येईल. मग आयुष्यभर स्वतःचे नाव लिहिणाऱ्या हातावर शाईचा ठसा उमटवण्याची वेळ येणार नाही.