छापखान्यातली लक्ष्मी

लक्ष्मीपूजन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोणती लक्ष्मी येते? कमळावर उभी, चार हातांची, भरजरी लुगडे नेसलेली, शेजारी हत्ती. वाचकहो, ही लक्ष्मी पुराणातून थेट आपल्या भिंतीवर आलेली नाही. वाटेत ती राजा रविवर्म्याच्या छापखान्यात उतरली होती!

त्याआधी, १८७८ साली, विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली, आणि तिथले रामपंचायतन मराठी घरांत पोचले. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत, गिरगावात छापखाना घातला. पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे. पुढे मुंबईत प्लेग आला आणि १८९९ साली छापखाना कार्ल्याच्या लेण्यांजवळ मळवलीला गेला. तो नंतर श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. दादासाहेब फाळकेही तिथे काही काळ होते.

शिळाछापाचे काम मोठे चिकाटीचे. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने उलटे चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि वरून शाई फिरवायची. ओला दगड शाईला झिडकारतो, तेलकट रेघ तिला धरून ठेवते. शिवाय प्रत्येक रंगाला दगड निराळा. एक कागद केसभर सरकला, की सरस्वतीचे ओठ गालावर!

मळवलीचा कारखाना १९७२ साली आगीत जळाला. उरली ती घरोघरची चित्रे. आणि तीही आता चालली. जुनी घरे पडतात आणि देवाचे चित्र केरात कसे टाकायचे म्हणून ते नदीत सोडतात. वाळवीने खाल्ली नसतील इतकी चित्रे आपल्या भक्तीने बुडवली असतील.

देवपुरातल्या आमच्या घरी दोन आहेत, दमयंती आणि लक्ष्मी. लक्ष्मीच्या पदराला आजीने खरी जर शिवली आहे, गळ्यात टिकल्या बसवल्या आहेत. त्या काळी बायका हौसेने असे करीत. दोन्हींच्या काचा तडकलेल्या. वहिनी म्हणाल्या, ‘‘भावजी, भंगलेले देव घरात नकोत. पांझरेत सोडून या.’’

‘‘वहिनी, दमयंती देव कुठे? ती माणूस.’’

‘‘बरं, ती राहू द्या. पण लक्ष्मी?’’

‘‘भंगली ती काच. लक्ष्मीला ओरखडासुद्धा नाही.’’

वहिनींनी चित्र उजेडात धरले. पदरावरच्या जरीवरून बोट फिरवले.

‘‘मग काच बसवून आणा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि धनत्रयोदशीच्या आत आणा.’’