यंत्रापुढील तोंडी परीक्षा

नोकरीच्या उमेदवारांचें बोलण्याचें इंग्रजी हल्लीं पुष्कळ ठिकाणीं यंत्रच तपासतें. ‘व्हर्संट’ ही अशीच एक परीक्षा. तींत ऐकलेलें वाक्य जसेंच्या तसें म्हणावयाचें, विस्कटलेल्या शब्दांचें वाक्य जुळवावयाचें, गोष्ट ऐकून पुन्हां सांगावयाची. आणि यंत्र उच्चार, ओघ, शब्दसंग्रह व वाक्यरचना पाहून गुण देतें. तिच्या तयारीसाठीं कित्येकजण नाकांतून परदेशी सूर काढूं लागतात, हें आम्हांस हास्यास्पद वाटतें. खरी अडचण निराळीच आहे. दहाबारा शब्दांचें वाक्य अर्थ कळल्यावांचून कानांत राहत नाहीं. शेंडा हातीं लागतो तों बुडखा निसटतो. ही संवय ऐकून व मोठ्यानें बोलूनच जडते. आणि आमच्या वर्गांत इंग्रजी बहुतेक लिहिलेंच जातें! ४० मिनिटांचा तास व ६० मुलें, म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास ४० सेकंद. तेंही शिक्षक गप्प बसले तर! तेव्हां यंत्रावर रुसण्यापूर्वीं शाळेनें रोज दहा मिनिटें वह्या मिटवून एकेक वाक्य मुलांकडून वदवून घ्यावें, चुकल्यास कोणीं हंसूं नये, आणि आरंभ शेवटच्या बांकापासून करावा, अशी आमची विनंती आहे.