अज्जीचा सुरा आणि पोलीस ठाण्याचं दार

देवाशीष मखीजा यांचा ‘अज्जी’ (२०१७) हा चित्रपट बायकांच्या गटात दाखवावा की नाही, असं मला कार्यकर्त्या विचारतात. मी म्हणते, जरूर दाखवा. पण चर्चा शेवटच्या दहा मिनिटांवर अडकू देऊ नका.

गोष्ट साधी आहे. मुंबईतल्या एका झोपडपट्टीत शिवणकाम करणारी, गुडघेदुखीनं बेजार झालेली म्हातारी. तिची लहानगी नात मंदा एका रात्री कचऱ्याच्या ढिगात सापडते. तिच्यावर बलात्कार झालेला असतो. करणारा स्थानिक पुढाऱ्याचा मुलगा. पोलीस अधिकारी घरी येतो, तो तक्रार लिहून घ्यायला नव्हे, तर घरच्यांनाच दटावायला. आईबापांचं हातावर पोट. ते गप्प बसतात. अज्जी बसत नाही. ती खाटकाकडे जाऊन मांस कापायला शिकते आणि अखेर स्वतःच्या हातानं त्या पोराला शिक्षा करते. अज्जीचं काम केलंय सुषमा देशपांडे यांनी. ‘व्हय, मी सावित्रीबाई’मुळे त्या आपल्यापैकी अनेकींना घरच्यासारख्या वाटतात. त्यांच्या हातात सुरा पाहून आतून हलायला होतं.

सूड घेणारी बाई हिंदी सिनेमाला नवी नाही. १९८० च्या ‘इन्साफ का तराजू’मध्ये नायिका शेवटी बलात्काऱ्याला गोळी घालते. १९८८ च्या ‘जख्मी औरत’मध्ये पोलीस अधिकारी असलेली नायिका इतर पीडित बायकांना जमवून बलात्काऱ्यांचं लिंग कापण्याची मोहीमच काढते. या दोन्ही चित्रपटांत बलात्कारही चवीनं दाखवला होता. ‘अज्जी’ तसं करत नाही, मंदावरचा अत्याचार कॅमेऱ्यासमोर आणत नाही, हे मला मोलाचं वाटतं.

पण १९८० हे साल आपल्याला वेगळ्या कारणानं आठवायला हवं. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. मथुरा खटला म्हणून आपण तो ओळखतो. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, १९८० मध्ये देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. म्हणजे एकाच वर्षी दोन उत्तरं पुढे आली. सिनेमानं एकट्या बाईच्या हातात पिस्तूल दिलं. चळवळीनं पोलीस ठाण्याला आणि न्यायालयाला जाब विचारला.

माझं म्हणणं असं आहे की, सूडपटाला पोलीस ठाण्याचं दार बंदच लागतं. ते उघडलं तर सुरा उचलायचं कारणच उरत नाही. म्हणून हे चित्रपट पोलिसांचा नाकर्तेपणा पावसाळ्यासारखा दाखवतात: आहे तो आहे, त्याला कोण काय करणार! ‘अज्जी’तला तो दटावणीचा प्रसंग अंगावर येतो, इतका खरा आहे. पण शेवटी पुढाऱ्याचा मुलगा संपतो आणि पोलिसाचा गुन्हा तसाच राहतो. तो गुन्हाच आहे, बरं का! २०१३ च्या दुरुस्तीनं भारतीय दंडविधानात १६६-अ कलम आलं: बलात्काराची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत १९९ वं कलम आहे. पॉक्सो कायदा सांगतो की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यावा आणि त्या वेळी गणवेश नसावा. आपल्या किती जणींनी हे कलम ठाण्यात मोठ्यानं म्हणून दाखवलंय?

कुणी म्हणेल, कलमं राहू द्या, नागपुरात काय झालं? १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबा नगरमधल्या बायकांनी अक्कू यादवला भर न्यायालयात मारलं. त्यावर २०२१ मध्ये ‘२०० हल्ला हो’ हा चित्रपटही आला. त्या बायकांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. वर्षानुवर्षं त्यांनी तक्रारी केल्या होत्या आणि पोलिसांनी त्या कानाआड केल्या होत्या. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. पण ती दहा वर्षं खटला कुणावर चालला? बायकांवर, आणि वस्तीतल्या माणसांवर. ज्यांनी तक्रारी दाबल्या, ते त्या पिंजऱ्यात नव्हते.

आता या सुऱ्याची दुसरी बाजू बघा. सुरा अज्जीच्याच हातात राहील याची हमी कोण देणार? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे अडवली, ‘फाशी द्या’च्या घोषणा झाल्या. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत पोलिसांच्याच गोळीनं मेला आणि ‘बदला पुरा’ असे फलक लागले. महिन्यापूर्वी ज्या पोलिसांवर लोक संतापले होते, त्यांचाच जयजयकार! जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकारी चौकशीचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला. त्यात पाच पोलिसांना या मृत्यूला जबाबदार धरलं होतं. हैदराबादला २०१९ मध्ये चार आरोपींना गोळ्या घातल्या तेव्हाही पोलिसांवर फुलं उधळली गेली. न्या. सिरपूरकर आयोगानं २०२२ मध्ये सांगितलं, ती चकमक बनावट होती. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. मग शाळेत काय झालं, कुणी झाकलं, तक्रारीला उशीर का झाला, हे प्रश्न विचारायला लोक उरत नाहीत.

आणखी एक. गुन्हे नोंदणीचे सरकारी अहवाल दरवर्षी सांगतात की बलात्काराच्या दहा प्रकरणांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. काका, शेजारी, मास्तर, लग्नाचं वचन देणारा. सूडपटात मात्र तो नेहमी गुंड नाहीतर पुढाऱ्याचा पोरगा. घरातल्या माणसावर कुठली अज्जी सुरा चालवणार? ‘त्याला मारूनच टाकायला हवं’ असं वातावरण तयार झालं, की घरातली पोर बोलायचीच बंद होते.

अज्जीचा राग माझा आहे. प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्याही खऱ्या आहेत. इतकी वर्षं दार वाजवून हात दुखलेत, त्याच्या त्या टाळ्या आहेत. म्हणूनच म्हणते, चित्रपट दाखवा आणि दिवे लागल्यावर विचारा: मंदाचं पुढे काय झालं? तिला दवाखान्यात कुणी नेलं? ती शाळेत गेली का? त्या पोलिसाला कुणी जाब विचारला? चित्रपटात याची उत्तरं नाहीत. मग आपल्या भागातल्या ठाण्यात गेल्या वर्षभरात कोणाकोणाला परत पाठवलं, याची यादी त्याच बैठकीत करायला घ्या.